लिबर्टेरियन पक्षाचं अधिवेशन: सात फेऱ्यांचा घोळ की खरी निवड?

आडवाटकर
अमेरिकेतल्या दोन मोठ्या पक्षांची अधिवेशनं म्हणजे आधीच ठरलेल्या लग्नाचं रिसेप्शन. निकाल प्रायमरीतच, म्हणजे राज्याराज्यांत आधी होणाऱ्या पक्षांतर्गत मतदानातच, लागलेला असतो. सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या छोट्या लिबर्टेरियन पक्षाचं तसं नाही. काही राज्यांत त्यांच्याही प्रायमरी होतात, पण त्यांचा कौल प्रतिनिधींवर बंधनकारक नसतो. अध्यक्षपदाचा उमेदवार सभागृहातच ठरतो: कोणाला तरी निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत फेऱ्या होतात आणि दर फेरीत शेवटचा उमेदवार बाद होतो. उपाध्यक्षपदासाठी वेगळं मतदान होतं आणि प्रत्येक मतपत्रिकेवर ‘नोटा’ असतो. मे 2024 मध्ये वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलात चेस ऑलिव्हर सातव्या फेरीत निवडून आला. माझ्या मते अमेरिकेतली ही सगळ्यात प्रामाणिक उमेदवार निवड आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

मोजणीदार
पटत नाही. सातव्या फेरीत ऑलिव्हरच्या समोर होतं कोण? नोटा! सहाव्या फेरीत तो आणि मायकल रेक्टनवाल्ड दोघेही निम्म्याच्या खाली राहिले. शेवटचा बाद, या नियमाने रेक्टनवाल्ड गेला. मग ऑलिव्हर विरुद्ध ‘कोणीही नको’ अशी लढत, आणि त्यात त्याला साधारण 60 टक्के. म्हणजे उमेदवारच नसला तरी चालेल, असं सभागृहातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी लेखी दिलं. याला निवड म्हणायचं की दमछाक?

आणि गणितातली एक गोम. बहुमत मोजतात ते पडलेल्या मतांवर, नोंदलेल्या प्रतिनिधींवर नाही. रविवारी संध्याकाळी कोणी विमान पकडायला उठून गेला, तर तो तटस्थ राहत नाही. तो निम्म्याचा आकडा खाली आणतो. प्रवास आणि हॉटेल स्वखर्चाने, त्यामुळे उशिरापर्यंत बसायला कोणाला परवडतं, यावरही निकाल हलतो.

आडवाटकर
दमछाक मान्य, पण तिचं कारण बघा. प्रत्येक फेरीत मतं राज्यवार गोळा होतात, त्या त्या राज्याच्या प्रतिनिधींचा प्रमुख बेरीज करून देतो, मग राज्यांचे आकडे पुकारले जातात. एका राज्याची बेरीज चुकली की सगळे थांबले. त्याआधी पहिल्या दिवशी कोणाचं प्रतिनिधित्व वैध, यावर तासन्‌तास हुज्जत. हे सुधारता येईल. पण फेऱ्याच काढून टाकल्या तर 2024 मध्ये पहिल्या फेरीत आघाडीवर असलेला रेक्टनवाल्ड निम्म्याच्या बऱ्याच खाली असून उमेदवार झाला असता. फेऱ्यांमुळेच सौदा उघड्यावर होतो: दुसरा एक इच्छुक माइक टर माट बाद झाला, त्याने ऑलिव्हरला पाठिंबा दिला आणि तोच उपाध्यक्षपदाचा उमेदवार झाला. सगळ्यांच्या देखत.

खडकवासला_ते_ह्यूस्टन
नोटाबद्दल थोडं. आपल्याकडचा नोटा 2013 पासून आहे, पण लोकसभा-विधानसभेला त्याला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नोटाला ‘काल्पनिक उमेदवार’ मानून फेरनिवडणुकीची सोय केली, पण हरलेल्यांना पुन्हा उभं राहायला मोकळीक ठेवली. लिबर्टेरियनांचा नोटा दात असलेला आहे. 2012 ला लास व्हेगासमध्ये पक्षाध्यक्षाच्या निवडणुकीत नोटाच जिंकला. नव्याने नावं मागवली गेली आणि जेफ नील अध्यक्ष झाले.

मोजणीदार
दात आहेत, पण चावतात स्वतःलाच. हरलेला गट पुढे काय करतो ते बघा. 1980 मध्ये पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार एड क्लार्कला नऊ लाखांवर मतं, म्हणजे 1.06 टक्के. 1983 ला न्यूयॉर्कच्या अधिवेशनात डेव्हिड बर्गलंड चौथ्या फेरीत जिंकला, हरलेला एड क्रेन आणि धनाढ्य कोक बंधूंचा गट पैसा आणि माणसं घेऊन बाहेर पडला. 1984 चा निकाल: सव्वादोन लाखांच्या आसपास, पाव टक्का. 2024 ला तोच प्रकार. कोलोरॅडोच्या शाखेने ऑलिव्हर नाकारून अपक्ष लढणाऱ्या रॉबर्ट केनेडी ज्युनियरला पुढे करायचा प्रयत्न केला. हा तोच केनेडी, जो अधिवेशनात पहिल्याच फेरीत 2 टक्क्यांवर बाद झाला होता! शेवटी ऑलिव्हरला देशभरात अर्धा टक्काही नाही.

आडवाटकर
2016 सोयीस्कर विसरलात. ऑर्लँडोत गॅरी जॉन्सन पहिल्या फेरीत थोडक्यात हुकला, दुसऱ्या फेरीत आला. त्याचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार बिल वेल्डवर ‘हा कसला लिबर्टेरियन’ म्हणून टीका झाली, तोही दुसऱ्याच फेरीत निम्म्याच्या जेमतेम वर. नियम हेच, प्रतिनिधी असेच हट्टी. मतं 44 लाखांच्या पुढे, 3.27 टक्के. दोन माजी गव्हर्नर उभे असले की ही पद्धत आड येत नाही.

फुटकळ_पक्षप्रेमी
दोघेही मतांच्या टक्क्यात अडकलात. छोट्या पक्षाचं अधिवेशन ही वाटाघाटीची जागा असते. 2024 ला ट्रम्प स्वतः येऊन बोलले. हुर्यो झाली, ‘दर चार वर्षांनी 3 टक्के घेत बसा’ असं त्यांनी चिडवलंही. पण त्याच भाषणात ‘सिल्क रोड’ हा ऑनलाइन काळाबाजार चालवल्याबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या रॉस उल्ब्रिक्टला सोडवायचं वचन दिलं आणि जानेवारी 2025 मध्ये माफी दिली. 3.27 टक्क्यांनी जे पदरात पडलं नाही, ते एका शनिवारच्या संध्याकाळीने पडलं.

मोजणीदार
मग उमेदवार कशाला उभा करता? अनेक राज्यांत अध्यक्षपदाच्या मतांवरच पक्षाची मान्यता, म्हणजे मतपत्रिकेवरची आपोआप मिळणारी जागा, टिकते. न्यूयॉर्कने 2020 मध्ये अट वाढवून 2 टक्के किंवा 1,30,000 मतं, यातलं जे जास्त असेल ते, अशी केली आणि यांची मान्यता गेली. आता तिथे दर वेळी सह्या गोळा करत फिरायचं. माफीच्या कागदाने सह्या भरत नाहीत.

फुटकळ_पक्षप्रेमी
1972 ला तर फक्त दोन राज्यांच्या मतपत्रिकेवर नाव होतं, मतं चार हजारही नाहीत. तरी व्हर्जिनियाच्या एका रिपब्लिकन इलेक्टरने (राज्याच्या वतीने अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारा) निक्सनऐवजी यांच्या जोडीला मत दिलं आणि यांची उपाध्यक्षपदाची उमेदवार टोनी नेथन इलेक्टोरल मत मिळवणारी पहिली स्त्री ठरली. सह्या तेव्हाही नव्हत्या.

मोजणीदार
आणि तो इलेक्टर, रॉजर मॅकब्राइड, 1976 चा उमेदवार झाला. तुमच्या वाटाघाटीतून पक्षाला काय मिळालं, तर पुढचा उमेदवार. कोलोरॅडोच्या शाखेला आवरायचं कसं, ते सांगा आधी.