मदत हवी आहे: परिचारिका आणि प्रसविकांची किती पदं लागतात, हे समितीपुढे कसं मांडू?

रातपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी २२ वर्षं परिचारिका आहे, त्यातली ९ लेबर रूममध्ये काढली. सध्या प्रशासनाच्या बाजूला आहे. पुढच्या पाच वर्षांसाठी परिचारिका आणि प्रसविकांचा आकृतिबंध (कुठे किती पदं मंजूर, याचा तक्ता) सुचवायला एक समिती नेमली आहे. वॉर्डात प्रत्यक्ष काम केलेली त्यात मी एकटीच, बाकीचे प्रशासन आणि वित्त विभागातले. माणसं चांगली आहेत, ऐकून घेतात. पण मी बोलते ते टिपणात 'अनुभव' म्हणून उतरतं आणि ते बोलतात ते 'आकडेवारी' म्हणून. पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे. तोवर मला माझं म्हणणं आकड्यांत मांडता आलं पाहिजे.

अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली, खाटांची. सगळा हिशेब 'इतक्या खाटांमागे एक' असा चालतो. वॉर्डापुरतं ते कसंबसं चालेलही, पण लेबर रूममध्ये टेबलं मोजून काय कळणार? त्याच चार टेबलांवर एखाद्या दिवशी दोन बाळंतपणं होतात, एखाद्या दिवशी अकरा. शिवाय 'पाळ्या तीन, म्हणजे माणसं तीन' असं गेल्या बैठकीत एकजण अगदी सहज म्हणून गेले. त्यात साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण कुठे आहे, असं मी विचारलं. 'ते ॲडजस्ट होतं,' असं उत्तर मिळालं. कोण ॲडजस्ट करतं ते मला माहीत आहे.

दुसरी, प्रसविकांची. आमच्या तक्त्यात त्यांना वेगळी ओळच नाही. लेबर रूममधली सात मंजूर पदं 'परिचारिका' या एकाच रकान्यात मिसळलेली आहेत. त्यामुळे कुठे कमी पडलं की पहिली बदली तिथूनच होते, कारण कागदावर सगळ्या सारख्याच. (प्रसविका म्हणजे शिकून, नोंदणी करून काम करणारी मिडवाइफ. परंपरेने बाळंतपणं करणारी सुईण नव्हे. समितीत हा घोळ दोनदा झाला, म्हणून आधीच लिहिते.)

तिसरी, कॉलेजांची. तुटवड्याचा विषय निघाला की 'प्रवेशाच्या जागा वाढवू' हे उत्तर तयारच असतं. मी शिकवलेल्या कितीतरी मुली पास होऊन घरी बसल्या आहेत, काही अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहेत, आणि इकडे पदं रिकामी. हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, ते मला दिसतं पण समजावता येत नाही.

एका रात्री लेबर रूममध्ये मी एकटी होते. एका बाईचं बाळ बाहेर येत होतं, त्याचं डोकं माझ्या हातात होतं. पलीकडच्या टेबलावर नुकतीच मोकळी झालेली बाई रक्तस्रावाने पांढरी पडत चालली होती. दोघी वाचल्या. पण त्या दहा मिनिटांत मी कोणाकडे आधी जायला हवं होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आकृतिबंध बदलला पाहिजे असं मी म्हणते ते त्या रात्रीमुळे. पण बैठकीत ही गोष्ट सांगितली की सगळे गप्प होतात आणि मग पुढचा विषय घेतात.

कोणी या कामातलं असेल तर कृपया वाट दाखवा.

नवी सिस्टर

ताई, मी तुमच्या त्या 'कंत्राटावरच्या मुलीं'पैकीच एक. हिशेबातलं मला काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहिते. लेबर रूमला पोस्टिंग मिळालं, काम हाताला बसू लागलं आणि पाचव्या महिन्यात मला मेडिसिन वॉर्डात हलवलं. माझ्या जागी आलेलीला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. हेही मांडा.

हिशेबनीस

रातपाळीताई, तुम्हाला हवी ती पद्धत तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 'वर्कलोड इंडिकेटर्स ऑफ स्टाफिंग नीड', बोलताना नुसतं 'विस्न'. पहिली पुस्तिका १९९८ची, सुधारित आवृत्ती २०१०ची. खाटा मोजण्याऐवजी काम मोजायचं, एवढाच तिचा गाभा. मनुष्यबळ नियोजनात मी काही वर्षं ती वापरली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. उदाहरणातले आकडे माझे, तुम्ही तुमचे घाला.

आधी एका माणसाचा वर्षातला खरा उपलब्ध वेळ काढा. आठवड्याला ६ दिवस म्हणजे वर्षाचे ३१२. त्यातून अर्जित रजा ३०, सार्वजनिक सुट्ट्या १५, आजारपण ८, प्रशिक्षण ४ वजा केले की उरतात २५५ दिवस. ८ तासांची पाळी धरली तर २,०४० तास. वर्षात तास असतात ८,७६०. म्हणजे एक जागा चोवीस तास, बारा महिने भरलेली ठेवायची तर ८,७६० भागिले २,०४०, उत्तर ४.२९. तीन नव्हे. 'ॲडजस्ट' होतं ते हे १.२९. प्रत्येक जागेमागे सव्वा माणसाचं काम कुणाच्या तरी सुट्टीतून आणि डबल ड्युटीतून निघत असतं. ही ओळ फळ्यावर लिहून दाखवा, वित्तवाल्यांना लगेच कळते.

आता काम. समजा वर्षाला २,४०० बाळंतपणं आणि एका बाईमागे प्रसविकेचे सरासरी ८ तास. झाले १९,२०० तास. भागिले २,०४०, उत्तर ९.४१. पण नोंदी, पाळी बदलताना ताबा देणं, औषधसाठा तपासणं ही कामं सगळ्याच करतात. त्यात २० टक्के वेळ जात असेल तर बाळंतपणांसाठी ८० टक्केच उरतो, म्हणून ०.८ने भागायचं, म्हणजेच १.२५ने गुणायचं: ११.७६. एखादीकडे विद्यार्थिनींचं शिक्षण वगैरे वेगळी जबाबदारी असेल तर तिचा वेळ शेवटी मिळवायचा, धरा ०.२. एकूण १२ प्रसविका. आज हजर ७ असतील तर गुणोत्तर ७ भागिले १२, म्हणजे ०.५८. ते १ असेल तर काम आणि माणसं जुळली, आणि १च्या जितकं खाली तितका ताण जास्त. कोणत्या केंद्रात आधी माणूस द्यायचा, हे या गुणोत्तरावरून ठरवता येतं.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ते '८ तास' कुठून आले? कुठल्याही फायलीतून नाही. ते काम रोज करणाऱ्या अनुभवी माणसांनी एकत्र बसून, नीट काम करायचं तर किती वेळ लागतो ते ठरवायचं, अशी पद्धतीतच सोय आहे. तुमचा अनुभव आकड्यांत शिरतो तो याच दारातून. तो आकडा तुम्हीच ठरवायचा आहे.

एक सावधगिरी. बाळंतपणं वेळापत्रक पाहून येत नाहीत. वरच्या उदाहरणात एका वेळी सरासरी २.२ बायका कळांमध्ये असतील. पण कोणी कधी यावं याला नियम नसल्यामुळे शंभरातले सुमारे १८ तास असे निघतील की तिथे एकाच वेळी चार किंवा जास्त बायका असतील. संभाव्यतेचं साधं गणित आहे, हवं तर मांडून देतो. तुम्ही सांगितलेली रात्र अपवाद नव्हती. सरासरीवर माणसं नेमली की अशा रात्री येणारच असतात.

रातपाळी

हिशेबनीस, तुमची शेवटची दोन वाक्यं मी तीन वेळा वाचली. इतकी वर्षं मी ती रात्र माझं नशीब समजत होते. गणित नक्की मांडून द्या.

धोरणवाचक

बाकीच्या दोन प्रश्नांवर लिहितो.

वेगळ्या ओळीबद्दल तुमची मागणी अगदी रास्त आहे, आणि ती नवीनही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात, २००८च्या आवृत्तीत, परिचारिकेचा संकेतांक २२२१ आणि प्रसविकेचा २२२२. सहायक पातळीवरसुद्धा ३२२१ आणि ३२२२ असे वेगळे. म्हणजे जगाच्या मोजणीत हे दोन व्यवसाय आहेत. ज्या तक्त्यात ते एकत्र मिसळतात तिथे प्रसविकांचा तुटवडा दिसतच नाही, आणि जो दिसत नाही त्यासाठी कोणी पैसे ठेवत नाही. २०२१च्या जागतिक प्रसविका अहवालात जगभरात ९ लाख प्रसविकांची कमतरता सांगितली आहे. सगळीकडे पुरेशा, नीट शिकलेल्या आणि साधनं हाताशी असलेल्या प्रसविका असत्या तर मातामृत्यू आणि नवजात बालकांचे मृत्यू किती टळतील, त्याचा अंदाजही त्यात आहे: अनुक्रमे ६७ आणि ६४ टक्के. वित्त विभागापुढे ठेवायला याहून वजनदार काही मला माहीत नाही.

फक्त वेगळी ओळ मागताना वेगळी पदं, वेगळी बढतीची शिडी आणि 'लेखी कारणाशिवाय बदली नाही' हा नियम सोबत मागा. नुसत्या रकान्याने नवी सिस्टरचा प्रश्न सुटणार नाही.

आता कॉलेजांचं. इथे लोक दोन गोष्टी एक समजतात. लोकांना किती परिचारिका 'लागतात' हा एक आकडा. सरकार किती जणींना पगार देऊ 'शकतं' किंवा देऊ 'इच्छितं' हा दुसरा. प्रवेशाच्या जागा वाढवल्याने यातला एकही बदलत नाही, बाहेर पडणाऱ्या मुलींची संख्या तेवढी बदलते. २०००च्या दशकात केनियात हेच घडलं: हजारो शिकलेल्या परिचारिका बेकार आणि सरकारी केंद्रांत पदं रिकामी, कारण पगाराच्या खर्चाला मर्यादा घातलेली होती. भरती अडकली की शिकलेली मुलगी परदेशाची वाट धरते, आणि शिक्षणाचा खर्च करणाऱ्या देशाच्या हाती काही राहत नाही. आज जगात दर सात परिचारिकांमागे एक जन्माने दुसऱ्या देशातली आहे, असं २०२५चा जागतिक परिचर्या अहवाल सांगतो. त्याच अहवालात २०२३ सालची जागतिक कमतरता ५८ लाख दिली आहे. जाणाऱ्या मुलींना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही.

उलट उदाहरणही आहे. मलावीने २००४मध्ये मनुष्यबळासाठी आणीबाणीचा कार्यक्रम घेतला तेव्हा शिक्षणाच्या जागा वाढवल्या, पण त्याच वेळी सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारावर ५२ टक्के भर दिला. दोन्ही टोकं एकदम धरली. त्यासाठी बाहेरच्या देशांची मोठी मदत होती, हेही सांगून टाका, नाहीतर समितीत कोणीतरी ते काढेलच.

म्हणून 'जागा वाढवू' असं कोणी म्हणालं की एवढंच विचारा: पहिली तुकडी पास होईल त्या वर्षी किती पदांची तरतूद केली आहे? उत्तर लेखी मागा.

'अनुभव' आणि 'आकडेवारी' या भांडणावर एक पुरावा देतो. वेल्समध्ये परिचारिकांच्या संख्येबद्दल २०१६चा कायदा आहे. तो ज्या वॉर्डांना पूर्णपणे लागू होतो तिथे संख्या ठरवताना तीन गोष्टी एकत्र पाहायच्या असतात: मोजमापाचं साधन, रुग्णांवर झालेले परिणाम आणि व्यावसायिक परिचारिकेचा स्वतःचा निर्णय. कॅलिफोर्नियाने १९९९मध्ये कायदा करून वेगळा रस्ता घेतला, २००४पासून ठरावीक गुणोत्तरं बंधनकारक केली. ठरावीक आकड्याचा फायदा असा की तो मोडला तर लगेच दिसतो. पण बाळंतपणाच्या कामाला मला वेल्सचा विचार जास्त पटतो.

हिशेबनीस

धोरणवाचक यांना एक पुरवणी. समितीत कोणीतरी परिचर्या क्षेत्रातल्या संशोधक लिंडा एकेन यांचं संशोधन काढेल: २००२मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आणि २०१४मध्ये युरोपातल्या नऊ देशांत, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते असं दिसलं. भक्कम काम आहे, जरूर वापरा. पण ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचं आहे. लेबर रूमला जसंच्या तसं लावू नका. एक आकडा चुकीच्या जागी सापडला की बाकीचेही संशयात जातात.

रातपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही पाचजणी बसलो. दोघी निवृत्त आहेत, तरी आल्या. तीन महिन्यांचं बाळंतपणाचं रजिस्टर समोर ठेवून एकेका बाईमागे किती वेळ द्यायला हवा होता ते लिहून काढलं. ८ नाही, ९ तास आले, कारण बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास बाईजवळ कोणीतरी असायलाच हवं यावर पाचही जणींचं एकमत झालं.

हिशेबनीस, तुमच्या रजांच्या यादीत बाळंतपणाची रजा नव्हती! आमच्याकडे बहुतेक जणी तिशीच्या आतबाहेरच्या आहेत. ती धरल्यावर एकीचा सरासरी उपलब्ध वेळ १,९२० तासांवर आला. वर्षाची बाळंतपणं १,८५०. सगळं धरून ११.०४ येतात, म्हणजे ११. मंजूर ७, हजर ६. गुणोत्तर ०.५५.

आता एकच अडलं आहे. प्रसूतिपश्चात वॉर्डात आई आणि बाळ मिळून एक रुग्ण मोजतात. बाळाचं दूध पाजणं, तापमान, कावीळ पाहणं हे वेगळं काम म्हणून धरायचं, की आईच्याच तासांत मिळवायचं?

हिशेबनीस

वेगळं धरा. जिच्या बाळाला दूध ओढायला त्रास होतो तिच्यापाशी किती वेळ जातो, ते त्याच पाचजणींना विचारा. आणि एका खाटेवर दोन जीव आहेत, हे तक्त्याच्या पहिल्याच ओळीत लिहा. तक्ता इथे टाकलात तर बैठकीआधी आकडे तपासून देतो.