अनुभव धागा: थिएटरबाहेर, चार लोकांत बसून पाहिलेला पुस्तकावरचा सिनेमा

काल माळा आवरताना एकमेकींना शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी सापडल्या. कडेला दोरीसाठी भोकं पाडलेली. घरातले म्हणाले टाकून दे. मी धुऊन घडी करून ठेवल्या.

आमच्या वाचनालयाने मैदानात ‘श्यामची आई’ दाखवला होता, त्याचा हा पडदा. अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. सिनेमाआधी काही दिवस आम्ही मुलांना पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत होतो. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलं, हे मुलांना तेव्हा कळलं. आणि मला तेव्हा जाणवलं ते असं: पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. ४२ रात्री. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, ते गोल करून ऐकतात. आपण मात्र ते एकेकट्याने वाचलं, उशीत तोंड खुपसून रडलो. मैदानात सगळे मांडी घालून बसले, दिवे गेले, तेव्हा वाटलं की ही गोष्ट अशीच ऐकायची होती. माझ्या शेजारी एक काका होते, एरवी कुणाशी न बोलणारे. ते उघड रडत होते आणि आजूबाजूचे सगळेही, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नव्हती.

तुम्ही असं काही पाहिलंय? सिनेमा कुठलाही असू दे. लिहा.

रानपाखरू: जैत रे जैत!!! जब्बार पटेलांचा, १९७७ चा. गोनीदांची कादंबरी तोवर वाचली नव्हती. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, आणि स्पीकर असा की ढोल छातीत वाजत होता. मागच्या पोरांनी उठून फेर धरला, पुढच्यांना पडद्यापेक्षा तेच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात कादंबरीसाठी नंबर लावला तर माझ्याआधी बरेच जण. मधाच्या पोळ्याचा शेवट पुस्तकात वाचताना स्मिता पाटीलच दिसत राहिली.

काजवा: वाचतेय. बाळ झोपलं की लिहिते.

रीळ: मी सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचो, १६ एमएम फिल्मचं. ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. मोठं १६०० फुटी लावलं तर पाऊण तासाच्या आत. मशीन एकच असेल तर रीळ बदलताना पडदा कोरा, आणि तेवढ्यात लोक गोष्टीवर बोलून घेतात. श्यामची आईच्या वेळी मात्र त्या मधल्या वेळात कुणी बोलत नसे. मी घाईघाईने फिल्म ओवत असायचो आणि मागून फक्त नाक ओढल्याचे आवाज.

सांजवात: @रीळ अंगावर काटा आला.
आमच्याकडे चादर पातळ होती, चित्र आरपार जायचं. आम्ही मुलं मुद्दाम मागे जाऊन बसायचो. श्रेयनामावली उलटी दिसायची आणि सगळी माणसं डावखुरी! सिनेमा तोच, गर्दी कमी.

धागेदोरे: @सांजवात मागे काळं कापड लावायचं, मग उजेड आरपार जात नाही, चित्रही खुलतं. आणि चादर चारी बाजूंनी ताणायची. वारा आला की माणसांचे चेहरे लाटेवर हलतात.

पिंपळपान: श्यामची आई झालेल्या वनमालाबाईंबद्दल कुणीच लिहिलं नाही? १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर केवढ्या दिमाखात उभ्या होत्या! आणि इथे जाडंभरडं लुगडं, थकलेले डोळे. माझ्या आत्याने दोन्ही सिनेमे पाहिले होते. तिचा विश्वासच बसेना की बाई एकच. माधव वझ्यांचा श्याम तर काय सांगावा.

रानपाखरू: @पिंपळपान आत्या अजून आहेत का? सिकंदरबद्दल त्यांच्याकडून लिहून घ्या ना, वेगळा धागा काढा.

पिंपळपान: आहेत. विचारते आज.

निवांत: आमच्या गच्चीवर ‘श्यामची आई’ लावला होता तेव्हा आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेवटाकडे उठून जिन्यात जाऊन बसलो. खालच्या मजल्यावरच्या काकू मागोमाग आल्या, काही न बोलता शेजारी बसल्या. आवाज जिन्यात ऐकू येत होता. संपेपर्यंत दोघंही तिथेच. घरी एकटा बघायला मी कधीच धजावलो नसतो.

सांजवात: @निवांत 🙏

काजवा: @निवांत काय बोलू. त्या काकूंना माझा नमस्कार.

उंबरा: मला वाटतं आधी पुस्तक, मग सिनेमा. आधी सिनेमा दाखवला की मुलं पुस्तक उघडत नाहीत.

रानपाखरू: @उंबरा माझं वर वाचा, उलट झालं. गर्दीत पाहिलं म्हणूनच पुस्तकाकडे गेले.

उंबरा: मोठ्यांचं खरं असेल. माझ्या वर्गातल्या मुलांना सगळं ऐकून माहीत असतं, पण वाचलेलं नसतं. म्हणून मी हटून बसते. थोडं तरी मोठ्याने वाचून मगच पडदा. धागाकर्तीने केलं तसंच.

धागेदोरे: परवानगीचं काय करता तुम्ही लोक? घरी बघायला घेतलेली डीव्हीडी चार लोकांत लावता येत नाही. हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांना विचारावं लागतं.

रीळ: @धागेदोरे बरोबर. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९५३ चा मोकळा झाला, जैत रे जैत अजून नाही. जुन्यातही पटकथा नि गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. विचारून घ्यावं, लोक आनंदाने हो म्हणतात.

काजवा: झोपलं एकदाचं. माझा अनुभव छोटा आहे. ‘छडी लागे छमछम’ सुरू झालं आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, पूर्ण गाणं म्हणाल्या. एकही शब्द न चुकता. मग सगळी रांग म्हणायला लागली. वसंत देसाईंची चाल, विसरणार कशी. उठतंय बहुतेक, येते.

निवांत: एक सांगायचं राहिलं. मागे बसलेल्यांना ओठ आधी हलताना दिसायचे, आवाज मागाहून. मशीन बिघडलंय असं सगळे म्हणत होते.

रीळ: @निवांत मशीन ठीक असणार. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर पडद्यापाशी आणि तुम्ही ३४ मीटर मागे, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग उशीर. माणसं जवळ बसवायची, ऐकायला कमी येणाऱ्यांना सगळ्यांत पुढे. आणि सूर्य मावळल्यावर अर्धा तास तरी थांबायचं, काळापांढरा सिनेमा संधिप्रकाशात फिका पडतो.

सांजवात: @रीळ तुमच्याकडे ते मशीन अजून आहे??

रीळ: आहे. दिवा मिळत नाही.

धागेदोरे: @रीळ दिव्याचा नंबर टाका इथे. एकजण जुने सुटे भाग जमवतात, त्यांना विचारून सांगतो.