१६ खाटा आणि २३ तास

वर एकांनी विचारलंय की अमेरिकेत मानसिक संकटात सापडलेल्यांसाठीच्या बऱ्याच केंद्रांत नेमक्या १६च खाटा का, सुरक्षेचा नियम आहे का. अहो, हिशेब पैशाचा आहे! १६पेक्षा जास्त खाटांची मानसोपचार संस्था असली की २१ ते ६४ वयाच्या रुग्णांसाठी मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, सहसा पैसे देत नाही. मग नकाशा काढतानाच सगळे १६वर थांबतात.

२३ तासांच्या केंद्रांची गोष्ट वेगळी; तिथे माणसाला साधारण एका दिवसाच्या आतच ठेवतात. वॉशिंग्टन राज्याने २०२३ साली अशा केंद्रांसाठी परवान्याचा स्वतंत्र प्रकारच कायद्यात आणला. तिथे खाटांऐवजी आरामखुर्च्या. माणूस स्वतः चालत येवो की पोलीस आणून सोडोत, ‘आधी इमर्जन्सीतून तपासणीचा कागद आणा’ असं दारात म्हणायची सोय नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाची अट हीच.

कारण मी दुसऱ्या एका राज्यात अशाच ठिकाणी रात्रपाळी केलीय. इमारत चोख होती. दारांच्या मुठी उतरत्या, गळफासासाठी काही अडकवता येऊ नये म्हणून. खुर्च्या इतक्या जड की उचलून फेकता येऊ नयेत. (सरकवताना आमचीच कंबर मोडायची.) इमारतीच्या तपासणीत पैकीच्या पैकी. आणि पहाटे तीनला पोलिसांनी आणलेला एक पोरगा आम्ही त्या कागदासाठी दारातून परत पाठवला. पायात नुसते मोजे होते त्याच्या.