स्केट पार्कचा आराखडा स्केटबोर्ड चालवणाऱ्या मुलांबरोबर कसा करावा?

आराखडा_अर्धवट (प्रश्न)
आमच्या नगरपालिकेने उद्यानालगतची मोकळी जागा स्केट पार्कसाठी देण्याची तयारी दाखवली आहे, मात्र पहिला नकाशा रोलर स्केटिंगच्या सपाट, लंबगोल रिंकचाच आहे. गावातील मुले सध्या बसस्थानकामागच्या पायऱ्यांवर स्केटबोर्ड चालवतात. त्यांना आराखड्यात सहभागी करून घ्यावे आणि त्या कामाची चित्रफीतही करावी, असा आम्हा काही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचा विचार आहे. त्यांना नकाशा वाचता येत नाही आणि आम्हाला बोर्डवर उभे राहता येत नाही. सुरुवात कोठून करावी?

संथ_चाक
चित्रीकरण उद्घाटनासाठी राखून न ठेवता आराखड्याच्या आधी करावे. कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून पूर्ण संध्याकाळ टिपली, तर मुले वेग कोठून घेतात, कोठे वळतात, आपली पाळी येईपर्यंत कोठे थांबतात आणि कोणाच्या वाटा एकमेकींना छेदतात, हे सारे दिसते. नंतर तीच फीत मुलांना दाखवून त्यांच्याकडूनच वर्णन ऐकावे. मग १:२० प्रमाणात शाडूच्या मातीचे नमुने त्यांनाच करू द्यावेत. त्यात ८० सेंटिमीटरचा बोर्ड ४ सेंटिमीटरचा होतो, तेव्हा पुठ्ठ्याचा बोर्ड कापून हाती दिला की दोन अडथळ्यांमधली सपाट जागा अपुरी आहे, हे मुले स्वतःच सांगतात.

ओले_काँक्रीट
मातीचे नमुने करा, परंतु निविदेत पृष्ठभागाबद्दल स्पष्ट लिहा. पेव्हर ब्लॉक घालू देऊ नका. स्केटबोर्डची चाके जेमतेम ५०-५५ मिलिमीटर व्यासाची आणि कडक असतात, त्यामुळे रुंद सांध्यात ती अडकतात आणि मूल तोंडावर पडते. उताराची वक्रता प्लायवूडच्या फर्म्याने तपासावी, काठावर लोखंडी पाइप बसवावा आणि गवंड्याकडून लोखंडी थापीने गुळगुळीत घोटाई करून घ्यावी. कोकणात असाल तर खोलगट बाऊलचा मोह सध्या टाळा. निचऱ्याची वाट गाळाने बुजली की पावसाळ्यात त्याचे डबके होते आणि ते उपसण्याची जबाबदारी कोणीही घेत नाही.

कट्ट्यावरची
स्थिर कॅमेऱ्याची सूचना मला अर्धीच पटते. कॅमेरा दिसला की धीट मुलगे उंच उड्या मारू लागतात आणि नवशिकी मुले, विशेषतः मुली, बाजूला होतात. अशा फितीवरून केलेला पार्क चौघांपुरताच उरेल. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार गावात २०१५ साली झालेल्या स्केट पार्कमध्ये ‘मुली आधी’ आणि ‘शाळा नाही तर स्केटबोर्डिंग नाही’ असे दोनच नियम ठेवले गेले. त्याच धर्तीवर मातीच्या नमुन्याची पहिली बैठक फक्त मुलींची घ्यावी आणि कमी उंचीचे उतार मुख्य वाटेपासून वेगळे ठेवावेत. चित्रीकरणापूर्वी पालकांची लेखी संमती अवश्य घ्यावी.

आणखी एक. अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये बर्नसाइड पुलाखाली स्केटबोर्ड चालवणाऱ्यांनी १९९० पासून परवानगीविना स्वतःच काँक्रीट ओतले आणि शहराने ते नंतर मान्य केले. आपल्याकडे ते धाडस नको, पण एक तुकडा बांधावा, त्यावर चालवून पाहावे आणि मग पुढचा ठरवावा, ही त्यांची पद्धत टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या निधीला सोयीची आहे.

आराखडा_अर्धवट
आभारी आहे. सांध्यांची आणि घोटाईची अट निविदेत घालण्याबाबत अभियंत्यांशी बोलतो. मुलींची बैठक आधी घेऊ आणि कॅमेरा त्यानंतरच बाहेर काढू.