मदत हवी आहे : पऱ्यावरचं टर्बाइन पंखा लावला की बसतं

पऱ्याकाठचा : संगमेश्वरजवळ घरामागे पऱ्या (लहान ओढा) आहे. वर बांध घालून पाइप खाली आणलाय, पेल्टन चक्र (पाण्याच्या झोतावर फिरणारं चाक) आणि जनरेटर बसवलाय. एक बल्ब पेटतो, पण पंखा लावला की चक्र मंदावतं आणि दोन्ही बंद. दुकानदार म्हणतो मोठा जनरेटर घ्या. दिवाळीनंतर पऱ्या आटत जातो, लवकर सांगा.

जुना फिटर : उंची किती? पाणी सेकंदाला किती लिटर?

पऱ्याकाठचा : उंची २० मीटर. पाणी भरपूर आहे हो.

जुना फिटर : भरपूर म्हणजे? नोझल (पाइपाच्या टोकाची, झोत सोडणारी अरुंद तोटी) काढा, २०० लिटरचं पिंप किती वेळात भरतं बघा.

सोलरवाला : चार पॅनेल टाका, कटकट मिटेल. माझ्याकडे सहा वर्षं चालू आहेत.

रानवाटा : कोकणात जुलैत ऊन कुठंय? पऱ्या तेव्हाच दुथडी असतो, आणि रात्रीही वाहतो.

घाटावरचा : आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, वीज काढली की पाण्याचा कस जातो, पीक येत नाही. खरं का?

जुना फिटर : नाही. वीज पाण्याच्या पडण्यातून येते, पाणी तेच राहतं. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात १९१५ पासून घाटमाथ्याचं पाणी चक्रावर पडतंय. पुढे तेच पाताळगंगेला मिळतं, लोक पितात.

पऱ्याकाठचा : माझं राहिलं! पिंप ४० सेकंदांत भरलं.

जुना फिटर : म्हणजे ५ लिटर. ५ × २० × ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा), साधारण ९८० वॅट. निम्मे हाती आले तरी पंखा आरामात फिरायला हवा. प्रेशर गेज आहे?

पऱ्याकाठचा : व्हॉल्व बंद असताना दाब २ किलो. उघडला की जेमतेम पाव.

रानवाटा : बांध उंच करा.

जुना फिटर : बांधाने काय होणार? पाइप केवढा?

पऱ्याकाठचा : दोन इंची, दीडशे मीटर. नोझल ३० मिमी.

जुना फिटर : अहो, हे आधी सांगायचं! एवढं पाणी त्या पाइपातून ढकलताना जवळजवळ सगळी उंची घर्षणातच खर्च होते. तीन इंची असता तर २० पैकी अडीच मीटरच गेले असते. जनरेटर घेऊ नका. आज नोझल १५ मिमीचं लावा. पाणी कमी जाईल, पण घर्षणही घटेल आणि गेज १.३ च्या आसपास राहील, ताकद तिथेच सर्वांत जास्त मिळते.

पऱ्याकाठचा : लावलं. गेज १.३. बल्ब आणि पंखा दोन्ही चालू, आई पंख्याखाली बसलीय. आता तीन इंची पाइप एचडीपीई घेऊ की पीव्हीसी?