मदत हवी आहे: टी-पेशी मारणारं औषध अंगात किती दिवस राहतं?

सायली_प: भावाचं स्टेम सेल प्रत्यारोपण झालंय. त्याआधी टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मारायचं इंजेक्शन दिलं होतं. काल रिपोर्ट आला, सीडी४ (टी-पेशींचा एक प्रकार) फक्त ४१! औषध अजून रक्तात आहे का? डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर डोकं चालेनासं झालंय. कृपया नुसतं 'डॉक्टरांना विचारा' लिहू नका.

नीलपक्षी: कोणतं इंजेक्शन? एटीजी की अलेमटुझुमॅब? प्रत्यारोपणानंतरचा आज कितवा दिवस? दाता कोण?

सायली_प: एटीजी, सशापासून बनवलेलं. पहिल्या डोसला त्याला एवढी हुडहुडी भरली की दोन ब्लँकेटं पुरेनात. दाता मीच.

रानवाट: माझ्या मिस्टरांना अलेमटुझुमॅब होतं. भारी चिवट. टी-पेशी मारण्याइतकं प्रमाण दोनेक महिने राहू शकतं. तुम्हीही तेवढं धरून चाला.

नीलपक्षी: रानवाटताई, त्यांना एटीजी दिलंय, ते निराळं. अलेमटुझुमॅब पेशींवरच्या एकाच खुणेला, सीडी५२ला चिकटतं. एटीजी म्हणजे सशाच्या अनेक अँटिबॉडींचं मिश्रण, त्यातल्या बऱ्याच टी-पेशींना चिकटतच नाहीत. म्हणून सशाचं एकूण आयजीजी (म्हणजे या सगळ्याच अँटिबॉडी) मोजलं तर खूप दिवस सापडतं, पण खरं काम करणारा भाग त्याच्या आधीच, काही आठवड्यांत संपतो. औषध देताना लिम्फोसाइट (टी-पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशी) कमी असतील तर तो जास्त टिकतो, कारण चिकटायला पेशीच कमी.

धनंजय_के: लसी सगळ्या नव्याने घ्याव्या लागतात बरं का. जिवंत विषाणूंच्या लसी निदान दोन वर्षं नकोत.

सायली_प: लसींचं मी विचारलंच नाहीये! आज ५२वा दिवस.

रानवाट: नीलपक्षी, काही आठवड्यांत संपतं म्हणता, मग सीडी४ ४१ कसा?

नीलपक्षी: औषध गेलं म्हणजे पेशी आल्या असं नाही. नव्या टी-पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीत घडतात आणि मोठ्या माणसाचा थायमस आक्रसलेला असतो. सीडी४ २००च्या वर जायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. त्यामुळे ५२व्या दिवशी ४१ पाहून मी घाबरणार नाही. सायली, सीएमव्ही आणि ईबीव्ही या विषाणूंचं पीसीआर (रक्तात विषाणू शोधायची चाचणी) दर आठवड्याला होतंय ना?

सायली_प: सीएमव्हीचं होतंय. ईबीव्ही कुठे दिसत नाही. सोमवारी विचारू?

नीलपक्षी: सोमवारपर्यंत थांबू नका, आजच प्रत्यारोपण विभागाला फोन करा. एटीजीनंतर ईबीव्ही डोकं वर काढतो, लवकर सापडला तर रिटुक्सिमॅब हे औषध देता येतं. ताप आला किंवा मानेत गाठ लागली तर रात्रीही फोन करायचा.

रानवाट: आणि रक्त चढवायची वेळ आली तर विकिरण केलेलंच (किरणांनी त्यातल्या टी-पेशी निकामी केलेलं) हवं, हे दर वेळी सांगा. आम्ही सांगायचो.

सायली_प: फोन लागला. ईबीव्ही दर आठवड्याला होतेय, रिपोर्ट वेगळ्या कागदावर येतो म्हणे. परवाचा निगेटिव्ह आहे. पण सशाचं औषध अजून आहे की गेलं, ते मोजता येतं का?

नीलपक्षी: येतं, पण सहसा कुणी मोजत नाही. सीडी४ पुन्हा कधी करणार, ते सोमवारी विचारा.