मुलं लहान असताना गोधडीला वेळ कसा काढायचा?

प्रेषक: एक सभासद

नमस्कार मंडळी,

या यादीवर शिवणकाम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, म्हणून थेट विचारते. माझी मोठी चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, आणि नोकरी पूर्ण वेळ. मुलं होण्याआधी मी क्विल्टिंग करायचे आणि त्यात जीव रमायचा. आता कापड कपाटात पडून आहे. मशीन मांडायचं तर आधी जेवणाचं टेबल रिकामं करावं लागतं, आणि ते रिकामं होईतो धाकटा उठलेला असतो.

जिला विचारावं ती म्हणते, "मुलं झोपली की रात्री बस." रात्री साडेनऊला माझे डोळे मिटत असतात. तशा वेळी रोटरी कटर (कापड कापायचं फिरतं, धारदार पातं) हातात घ्यायला नको वाटतं.

वेळ थोडाच मिळणार, हे मी मान्य केलंय. मिळतो तेवढ्यात गोधडी पुढे सरकते कशी, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. मनात दोन आहेत: धाकट्यासाठी एक लहान, आणि मोठीच्या पलंगावर घालायला एक. हे काम परत सुरू व्हावं अशी फार इच्छा आहे. दिवसभर सगळ्यांचं सगळं करून झाल्यावर हे एवढं माझं आहे.

वाट बघते.

प्रेषक: जुन्या सभासद काकू

अगं, पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. माझी मुलं आता आपापल्या संसारात आहेत, पण माझ्या बहुतेक गोधड्या ती लहान असतानाच शिवून झाल्या.

वेळ किती मिळतो हे जरा बाजूला ठेव. कुठल्या वेळात कुठलं काम हातात घ्यायचं, ते आधी ठरव. गोधडीत दोन प्रकारची कामं असतात. माप काढणं, रंग जुळवणं, कापणं याला डोकं लागतं. टीप मारणं, इस्त्री, हातटाके, गोट याला फक्त हात लागतात. डोक्याच्या कामाला सलग आणि शांत वेळ हवा, पण एका गोधडीत ते काम असतं थोडंच. हाताचं काम मधेच टाकून उठता येतं. अडतं कुठे, तर दुपारी वीस मिनिटं मिळतात आणि ती घड्या उलगडून "आता यातलं काय लावू" यातच संपतात. तोवर मूल उठतं आणि एकही टाका पडलेला नसतो.

म्हणून कापण्याचं काम एकदाच, एका बैठकीत, संपूर्ण गोधडीचं उरकून टाक. सकाळी, ताज्या डोळ्यांनी, मुलं दुसऱ्या कुणाकडे असताना. ती बैठक महिन्यातून एकदा मिळाली तरी पुढच्या कित्येक वीस-वीस मिनिटांची बेगमी होते.

धाकट्याच्या गोधडीसाठी नाइन पॅच घे. ४२ इंच पन्ह्याचं कापड असलं तर अडीच इंच रुंदीच्या ९ पट्ट्या काप, ५ गडद आणि ४ फिकट. गडद-फिकट-गडद असे दोन संच जोड आणि फिकट-गडद-फिकट असा एक. प्रत्येक संच आडवा अडीच-अडीच इंचांवर कापला की त्यातून १६ तुकडे निघतात. दोन तुकडे पहिल्या प्रकारचे, मध्ये एक दुसऱ्या प्रकारचा, झाला नऊ घरांचा एक ब्लॉक. असे १६ होतात. तुला १३ लागतील, उरलेले पुढे कुठेतरी कामी येतील. सोबत साडेसहा इंचांचे १२ साधे चौकोन कापून ठेव. आलटून पालटून पाच रांगांत पाच-पाच लावले की शिवणीतलं पाव-पाव इंच जाऊन ३० इंचांचा चौरस तयार होतो. भोवती साडेतीन इंचांची किनार जोडलीस की ३६ इंच. दीड वर्षाच्या मुलाला ओढत घरभर फिरायला नेमकी.

शिवताना जोड्या एकामागून एक सुईखाली सरकव, मध्ये दोरा तोडू नकोस. पताकांची माळ होते तशी माळ मशीनमागे लांबत जाते. हाक आली की सुई कापडात खाली ठेवून ऊठ. परत येशील तेव्हा जागा शोधावी लागत नाही, पाय ठेवायचा आणि पुढे जायचं. उठण्याआधी शक्य झालं तर पुढची जोडी जुळवून सुईशेजारी ठेव. ही सवय मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. परत बसल्यावर पहिला विचारच करावा लागत नाही, आणि थकलेल्या माणसाला तो पहिला विचारच जड जातो.

रांगा मांडून झाल्या की उचलण्याआधी फोनवर फोटो काढून ठेव आणि प्रत्येक रांगेच्या पहिल्या चौकोनावर आकड्याची चिठ्ठी लाव. मधे पंधरा दिवस हात लागला नाही तरी काही बिघडत नाही.

मोठीच्या पलंगाच्या गोधडीसाठी मात्र मी लॉग केबिन सांगेन. मध्ये एक चौकोन आणि त्याभोवती फिरत फिरत एकेक पट्टी. कुठल्याही पट्टीनंतर थांबता येतं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या गोधड्या तू पाहिल्या असशील. त्याच जातीचा नमुना त्या 'हाउसटॉप' नावाने शिवत आल्या. दिवसभर शेतात राबायचं, घरात मुलंबाळं, आणि हाताशी कापड म्हणजे झिजलेले कामाचे कपडे. त्यांतून त्यांनी केलेलं काम २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडलं गेलं. त्या पट्ट्या काटेकोर सरळ नाहीत, रुंदीलाही एकसारख्या नाहीत, आणि गोधड्या बघताना नजर हलत नाही. माप आधी पक्कं करायची गरज नसलेला नमुना मोडक्या वेळाला किती सोसतो, ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

आता हातशिलाईचं. एका डब्यात कागदी षटकोन, त्यांच्या मापाचे तुकडे, छोटी कात्री आणि दोरा ठेव. कापड कागदावर दुमडून कच्चे टाके घालायचे, मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचं. मध्ये एक आणि भोवती सहा, की फूल झालं. पोहण्याच्या वर्गाबाहेर, डॉक्टरकडे, गाडीत मूल झोपल्यावर, कुठेही होतं. सुईत दोरा ओवण्यातच निम्मा वेळ जात असेल तर असं कर: दोऱ्याच्या रिळाचं टोक एका बैठकीत आठ-दहा सुयांतून एकापाठोपाठ ओवून घे आणि सगळ्या सुया रिळाजवळ सरकव. हवी तेव्हा टोकाकडची एक सुई पुढे ओढायची, हातभर दोरा घ्यायचा आणि तिच्यामागे कापायचा. बाकीच्या सुया रिळावरच्या दोऱ्यात ओवलेल्याच राहतात. रात्री साडेनऊला मिटत्या डोळ्यांनी सुईचं नेढं शोधत बसायला नको.

लिही परत, आणि फोटो पाठव.

प्रेषक: एक सभासद (दोन मुलगे, वय पाच आणि दोन)

काकूंचं पत्र जपून ठेवतेय. पण ज्यांच्या घरी रांगतं किंवा नुकतं चालतं मूल आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हाक आली की "सुई कापडात ठेवून ऊठ" हे बरोबर, पण उठताना मशीनचं बटण बंद करा आणि पाय-पेडल उचलून टेबलावर ठेवा. दीड वर्षाचं मूल सगळ्यांत आधी पेडलवर बसतं. इस्त्रीची वायरही लोंबती नको.

रोटरी कटर १९७९ मध्ये ओल्फा कंपनीने आणला आणि आपलं कापण्याचं काम कितीतरी पटींनी सोपं झालं, पण ते पातं चामडंही कापतं. प्रत्येक कापानंतर पातं आत, दर वेळी, पुढच्या क्षणी परत लागणार असलं तरी. आणि ठेवायची जागा उंच. टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा असं सगळे सांगतात. क्लिपा टोचत नाहीत हे खरं, पण छोट्या क्लिपा सरळ तोंडात जातात. मी टाचण्याच वापरते, लोहचुंबकाच्या थाळीत. काम संपलं की थाळी जमिनीवरून फिरवते.

यादीवर ज्यांची बाळं अजून वर्षाच्या आतली आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवा: अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा सल्ला आहे की वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागेत गोधडी, उशी, मोकळं पांघरूण काहीच नसावं. बाळासाठी जरूर शिवा, पण तोवर ती जमिनीवर खेळायला अंथरा.

चार वर्षांच्या लेकीला सोबत घेता येतं. भिंतीवर फ्लॅनेलची चादर ताणून लावली की सुती तुकडे तिच्यावर आपोआप चिकटून राहतात. रंगांचे तुकडे मांडायचं काम तिला द्या, खाली-वर करत मुलं मस्त रमतात. पण तो वेळ तिच्यासोबतचा. तुमच्या शिवणाच्या वेळात तो धरू नका. माझा मोठा हाताशी असताना माझं सरळ शिवण कधी होत नाही, आणि तेव्हा मी ते करायचा प्रयत्नही सोडून दिलाय. दोघांनाही ते बरं पडतं.

प्रेषक: एक सभासद (वडील)

नमस्कार. मी शिवत नाही, बायको शिवते. नवरे मंडळी ही यादी वाचत असतील, त्यांच्यासाठी चार ओळी.

शनिवारी सकाळी मी मुलांना घेऊन घराबाहेर पडतो. बाहेर पडणं महत्त्वाचं आहे. मुलं घरातच असली आणि मी "सांभाळतो" म्हटलं, तरी दर दहा मिनिटांनी कुणीतरी आईच्या दारावर थाप मारतंच, आणि तिचेही कान तिकडेच असतात. दार बंद होऊन घर खरंच रिकामं झालं की तिचं काम होतं. काकूंनी सांगितलेली कापण्याची बैठक आमच्याकडे या वेळात बसते. आम्ही परत यायची वेळ आधी सांगतो आणि त्याआधी परतत नाही, पाऊस आला तरी.

यासाठी तिला दर आठवड्याला विचारावं लागू नये. वेळ ठरलेली असावी. मागून घ्यावा लागलेला वेळ माणूस संकोचाने वापरतो, हे मी घरात बघितलंय.

प्रेषक: एक सभासद

काकू, ताई, दादा, तिघांचेही मनापासून आभार.

दादांचं पत्र नवऱ्याला वाचायला दिलं. येत्या रविवारी सकाळी तो मुलांना घेऊन जातोय. त्या वेळात नाइन पॅचच्या ९ पट्ट्या, १२ चौकोन आणि किनार कापायची असं ठरवलंय, शिवायला त्या दिवशी बसणारच नाही. कपाटातलं गडद निळं आणि फिकट पिवळं कापड बाहेर काढून बघितलं, ते पुरतंय. सुया रिळावर ओवून पाहिल्या, काय सोय आहे ही!

काकू, दोन शंका. तिन्ही थर (वरचं कापड, मधला भराव म्हणजे बॅटिंग, खालचं अस्तर) एकत्र झाल्यावर क्विल्टिंगला, म्हणजे ते टाक्यांनी जोडायला, मला सलग वेळ कुठून मिळणार? आणि गोट हाताने लावू की मशीनने? हाताने लावलेला गोट मला फार आवडतो.

प्रेषक: जुन्या सभासद काकू

क्विल्टिंग करूच नकोस, गाठी मार. जाड सुती दोरा तिन्ही थरांतून खाली नेऊन पाव इंचावर वर काढायचा, दुहेरी गाठ घट्ट आवळायची, टोकं इंचभर ठेवून कापायची. किती अंतरावर हव्यात ते बॅटिंगच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, तेवढ्याच्या आत राहा. तुझे ब्लॉक ६ इंचांचे आहेत. वेष्टनावर ४ इंच लिहिलं असेल तर प्रत्येक ब्लॉकच्या मध्यावर एक, चारी कोपऱ्यांत एकेक आणि चारी कडांच्या मध्यावर एकेक गाठ मारलीस की पुरे. दोन गाठी मारून ऊठ, दहा मारून ऊठ, कुठे थांबलीस ते गोधडीच दाखवते. थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके मात्र घाल, मोठे मोठे, मधून कडेकडे. तेवढ्याला जमीन मोकळी लागते, म्हणून ते रविवारच्या सकाळी.

गोट या गोधडीला मशीननेच लाव. ती दर आठवड्याला धुतली जाणार, कडेने ओढली जाणार, चावलीही जाणार. अडीच इंच रुंदीच्या ४ पट्ट्या तिरप्या जोडल्यास तर १६० इंच मिळतात, घेर १४४ आहे, कोपरे आणि शेवटचा जोड धरून पुरतात. दुमडून मागून टीप, मग पुढे वळवून कडेलगत दुसरी. हाताचा गोट मोठीच्या गोधडीसाठी राखून ठेव. ती पलंगावर राहील, आणि तोवर धाकटा शाळेत जायला लागलेला असेल.

निळं कापड आधी एकदा वेगळं भिजवून बघ. पाणी रंगलं तर रंग सुटायचा थांबेपर्यंत धुऊन घे, नाहीतर पिवळ्यावर उतरेल.